फुल्यांचे घराणे

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वाढदिवसाच्या स्मरणिकेत यंदा "आपले घराणे" या विषयावर प्रत्येकीने चार ओळी लिहाव्यात असे ठरले. मी सातवी शिकलेली बाई. मला लेख लिहिण्याचा सराव नाही. शिवाय माझ्या घराण्यात लिहिण्यासारखे कोणी मोठे झाले नाही. म्हणून मी असे ठरविले की आपल्या सर्वांच्या ओळखीच्या एका घराण्याची हकीकत सांगावी. ते घराणे म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांचे. जोतीरावांची भाषणे आपण एप्रिल महिन्यात ऐकतो आणि सावित्रीबाईंची जानेवारीत. पण त्यांचे खापरपणजोबा-पणजोबा कोण, सून कोण, नात कोण, आणि पुढे त्या घराचे काय झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. मी हे सारे पुस्तकांतून वाचून, वाचनालयातल्या बाईंना विचारून जमविले आहे.

प्रथम एक गोष्ट सांगते. १८८२ साली सरकारने शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटर साहेबांचे कमिशन नेमले होते. त्या कमिशनपुढे जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन दिले. गोरगरिबांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मिळालेच पाहिजे, सरकारचा पैसा वरच्या लोकांच्या शिक्षणावर जातो आणि तो येतो मात्र शेतकऱ्याच्या घामातून, असे त्यात त्यांनी बजावले. निवेदनाच्या शेवटी नावाखाली त्यांनी स्वतःला काय म्हणवून घेतले? समाजसुधारक नाही, पुढारी नाही. व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, राहणार पेठ जुना गंज, पुणे. बस्स, एवढेच. मला हे फार आवडले. आपल्या गल्लीतला माणूस जसा आपला पत्ता सांगेल तसे ते आहे. तेव्हा आपणही त्यांच्याकडे आज एक शेतकरी व गावचे काम पाहणारा एक गृहस्थ म्हणूनच पाहू.

या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातले कटगुण. तेथे जोतीरावांचे पणजोबा चौगुला होते. चौगुला म्हणजे काय हे आजच्या मुलींना ठाऊक नसेल. जुन्या गावगाड्यात पाटील हा गावचा मुख्य, कुलकर्णी हा लिहिणारा, आणि चौगुला हा पाटलाचा मदतनीस. वसुलाच्या वेळी रयतेला बोलावून आणणे, कुलकर्ण्याच्या दप्तराची देखभाल करणे, ही त्याची कामे. मान लहान, राबणूक मोठी. म्हणजे लोकांचे काम करणे हे या घराण्यात चार पिढ्यांपूर्वीही होते, फक्त ते वतनाचे होते, बापाकडून मुलाकडे आपोआप जाणारे होते.

चरित्रकार असे सांगतात की कटगुणच्या कुलकर्ण्याशी या पणजोबांचे वाकडे आले. छळ असह्य झाला तेव्हा त्यांच्या हातून कुलकर्ण्याचा प्राण गेला, आणि त्यांना गाव सोडून पळावे लागले. ते आले पुण्याजवळ पुरंदर तालुक्यात, खानवडी या गावी. चौगुल्याचे वतन सुटले, घर सुटले, शेत सुटले. मनात येते, त्या वेळी पणजीबाईंनी काय काय बरोबर घेतले असेल? तिचे नाव कोठेही लिहिलेले नाही. पणजोबांचा हुद्दा लिहिला आहे, गाव लिहिले आहे, भांडण लिहिले आहे. पण ज्या बाईने परक्या गावात पुन्हा चूल मांडली तिचे नाव नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

खानवडीस त्यांना मुलगा झाला, तो शेटीबा. शेटीबा साधाभोळा होता म्हणतात. कर्ज झाले, पोटाची ददात पडली, तेव्हा तो बायकामुलांसह पुण्यास आला. त्याला तीन मुलगे: राणोजी, कृष्णा आणि गोविंद. पुण्यात एका फुलमाळ्याने या मुलांना हाताशी धरले आणि फुलांचे काम शिकविले. हार, गजरे, तोरणे तर झालीच. पण फुलांचे गालिचे, फुलांच्या गाद्या असे नाजूक कामही ते करू लागले. त्यांची कीर्ती पेशव्यांच्या वाड्यापर्यंत गेली. दुसऱ्या बाजीरावाने खूष होऊन त्यांना ३५ एकर जमीन इनाम दिली. तेव्हापासून लोक त्यांना गोऱ्हे न म्हणता फुले म्हणू लागले. आडनाव असे धंद्यावरून बदलले.

माझे माहेर पुरंदर तालुक्यातलेच. तेथे शेवंती आणि अस्टर हे आमचे पीक. फूल म्हटले की लोकांना देव आठवतो, वेणी आठवते. आम्हाला आठवते ती पहाटेची तोडणी. दव अंगावर घेत आई आणि काकू फुले तोडायच्या, पाट्या भरायच्या, आणि पहिल्या गाडीने माल पुण्याला जायचा. उशीर झाला तर भाव पडला, पाऊस आला तर माल काळा पडला. म्हणून फुल्यांच्या घरचा पेशव्यांचा इनाम वाचला की मला त्यामागे पहाटे चारला उठलेल्या बायका दिसतात.

इनाम मिळाले आणि भाऊबंदकीही आली. थोरल्या राणोजीने सर्व इनाम एकट्याच्या नावावर करून घेतले, असे चरित्रात आहे. धाकट्या गोविंदरावांच्या वाट्याला काही आले नाही. त्यांनी फुलांचे व भाजीपाल्याचे दुकान चालवून आणि शेती करून आपला संसार उभा केला. या घराण्यात जमिनीच्या कागदाने भावाभावांत पहिली फूट पाडली, आणि दोन पिढ्यांनंतर पुन्हा एकदा भाऊबंद आडवे आले, ते पुढे सांगते.

गोविंदरावांचे लग्न धनकवडीच्या झगडे पाटलांच्या चिमणाबाईंशी झाले. त्यांना दोन मुलगे, राजाराम आणि जोतीराव. जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. मूल वर्षाचे होण्याच्या आतच चिमणाबाई वारल्या. गोविंदरावांनी दुसरे लग्न केले नाही. मग तान्हे मूल वाढविले कोणी? सगुणाबाई क्षीरसागर यांनी. या गोविंदरावांच्या मावसबहीण, बालविधवा. जॉन नावाच्या मिशनरी साहेबाच्या घरी त्या मुले सांभाळण्याचे काम करीत. तेथे राहून त्यांना इंग्रजी बोलणे समजू लागले होते. जोतीरावांना शिकण्याची गोडी लावली ती या बाईंनी. रक्ताने पाहिले तर त्या आई नव्हत्या. पण त्या घरातली पहिली शिकती बाई त्याच.

जोतीराव शाळेत गेले आणि मध्येच त्यांची शाळा सुटली. माळ्याच्या मुलाला शिकून काय करायचे, शेतीला निकामी होईल, असे कोणी गोविंदरावांच्या कानी घातले. मुलाच्या हाती खुरपे आले. पण शेजारी गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब हे दोघे होते. त्यांनी गोविंदरावांना समजाविले आणि १८४१ साली मुलगा पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत बसला. येथेही पाहा, घरच्या माणसांनी शाळा सोडविली आणि शेजाऱ्यांनी घातली. शेजाराचे काम असे असते.

१८४० साली त्यांचे लग्न झाले होते. नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची मुलगी सावित्री ही सून घरी आली. तिचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, म्हणजे लग्नात वय ९ वर्षांचे. तिला जोतीरावांनी घरीच शिकविले, आणि १८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा ती तेथे शिकवू लागली. पुढची हकीकत, शेण आणि दगड अंगावर घेण्याची, सर्वांना पाठ आहे. ती मी पुन्हा सांगत नाही. मला सांगावयाचे आहे ते घरातले. जातीच्या लोकांनी गोविंदरावांवर दडपण आणले. १८४९ साली त्यांनी मुलाला सांगितले, शाळा सोड नाही तर घर सोड. जोतीरावांनी घर सोडले आणि सावित्रीबाई त्यांच्याबरोबर निघाल्या.

गोविंदरावांना आपण वाईट म्हणू नये. लोक काय म्हणतील या भीतीने आपणही किती वेळा आपल्या मुलांना गप्प बसवितो! ज्याच्या आजोबाला एकदा गाव सोडावे लागले, त्याला वाळीत पडण्याची भीती जास्त वाटणारच. पण त्या विशीच्या आतल्या सुनेने त्या दिवशी जे केले त्याने या घराण्याची वाट बदलली. तीन वर्षांनी, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, विश्रामबाग वाड्यात सरकारने या शाळांच्या कामाबद्दल जोतीरावांचा जाहीर सत्कार केला.

आता त्यांच्या पोटापाण्याचे सांगते, कारण लोकांना वाटते मोठी माणसे हवेवर जगतात. जोतीरावांनी ठेकेदारी केली, धातूकामाचे सामान विकले, बांधकामाला माल पुरविला. खडकवासल्याचे धरण होऊन कालवा आला तेव्हा शेतकरी त्याच्या पाण्याला बिचकत होते. जोतीरावांनी मांजरी येथे जमीन घेऊन बागायत करून दाखविली. ती जमीन ६० एकर होती असे म्हणतात. मळ्यात उभे राहून घेतलेला हा अनुभव त्यांच्या "शेतकऱ्याचा असूड" या १८८३ सालच्या पुस्तकात पानापानावर आहे. नाल्याओढ्यांना ताली व बांध घालावेत, पावसाने वाहून जाणारी माती शेतातच राहील असे करावे, तळ्यातला गाळ पुन्हा शेतकऱ्याला मिळावा, चांगल्या जातीची मेंढरे व जनावरे वाढवावीत, शेतकऱ्यांच्या पिकांची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत, अशा सूचना त्यांत आहेत. आज आपण पाणी अडवा, माती अडवा म्हणतो, ते हेच. जंगलखात्याने चराईची राने बंद केली म्हणून गरिबांच्या गाईगुरांचे कसे हाल झाले, तेही त्यांनी लिहिले आहे. हे लिहिणारा माणूस पुस्तकी नव्हता, त्याच्या हाताला माती होती.

म्युनिसिपालिटीचे सभासद ते १८७६ साली झाले आणि १८८३ पर्यंत होते. त्या काळी हे सभासद सरकार नेमीत असे, मतदान नव्हते. पणजोबाचे चौगुलेपण वतनाने आले होते, पणतवाचे सभासदपण नेमणुकीने आले. दोन्हीकडे वरच्यांची मर्जी राखली तर सुख. पण जोतीरावांनी मर्जी राखली नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी १००० रुपये खर्च करावेत असा विषय निघाला. ३२ सभासदांत विरुद्ध मत देणारे एकटे जोतीराव. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असे त्यांचे म्हणणे. १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा त्यांनी अध्यक्षांना पत्र लिहून त्याविरुद्ध तक्रार केली. दारूने किती घरे बसतात हे ज्या बाईने सोसले असेल तिला या पत्राची किंमत कळेल. मंडईची मोठी इमारत बांधण्याचा बेत झाला, त्यालाही त्यांनी विरोध केला; एवढा खर्च शाळांवर का नको, असे त्यांनी विचारले. इमारत १८८६ साली झालीच, आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे स्वातंत्र्याच्या आधीच ते नाव बदलून तिला महात्मा फुले मंडई म्हणू लागले. गंमत पाहा, ज्यांनी विरोध केला त्यांचेच नाव इमारतीला! पण भाजी आणि फुले विकणाऱ्या घराण्याचे नाव मंडईला लागले हे ठीकच झाले, असे मला आपले वाटते.

सभासद होण्याच्या आधीच त्यांनी स्वतःच्या दारात जे केले ते मात्र मी मोठे मानते. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाणी भरण्याचे काम बाईचे असते, हे आपण सर्व जाणतो. पाण्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागणे म्हणजे काय, आणि दुरून ओंजळीत पाणी घालून घेणे म्हणजे काय, हे बाईलाच कळते. म्हणून तो हौद खुला झाला तेव्हा सर्वांत जास्त सुख त्या वस्तीतल्या बायकांना झाले असेल, आणि सर्वांत जास्त बोलणी घरात सावित्रीबाईंना बसली असतील. ठराव करणारा एक असतो आणि रोज दार उघडणारी दुसरी असते.

त्याआधी १८६३ साली याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. फसलेल्या विधवा ब्राह्मण मुली लाजेपोटी जन्मलेले मूल मारीत किंवा स्वतः जीव देत. त्यांनी येथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी सोय या नवराबायकोने केली. १८८४ साली जोतीरावांनी स्वतः लिहिले आहे की तोपर्यंत अशा ३५ विधवा त्या घरी येऊन बाळंत झाल्या. पस्तीस बाळंतपणे! भगिनींनो, आपल्या घरी एका लेकीचे बाळंतपण आले तरी दोन महिने कंबर मोडते. तेल, शेक, खीर, रात्रीची जागरणे. सावित्रीबाईंनी हे सर्व परक्या आणि परजातीच्या मुलींसाठी केले, आणि तेही शेजारपाजाऱ्यांच्या कुजबुजीत.

या दोघांना मूल नव्हते. दुसरे लग्न करा असा आग्रह जोतीरावांना झाला. तेव्हा ते म्हणाले म्हणतात की, दोष नवऱ्यात असेल तर बायकोला दुसरा नवरा करू द्याल का? पुढे कोणी बोलले नाही. १८७४ साली याच घरी आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी दत्तक घेतले. तोच यशवंत. ज्या घराण्याचे पणजोबा कुलकर्ण्याशी भांडून परागंदा झाले, त्याच घराण्यात एका ब्राह्मण बाईचे मूल पोटच्या लेकरासारखे वाढले. कोणी हे ठरवून केले नाही, पण झाले खरे.

१८७६-७७ साली मोठा दुष्काळ पडला. सत्यशोधक समाजाने धनकवडीला अन्नछत्र उघडले आणि उपाशी मुलांची सोय केली. धनकवडी म्हणजे जोतीरावांचे आजोळ. चिमणाबाई ज्या गावातून आली तेथे मुलांना भाकरी मिळाली. सावित्रीबाई त्या वेळी जुन्नर भागात ओतूरला काम करीत होत्या. २० एप्रिल १८७७ चे त्यांचे तेथून लिहिलेले पत्र आहे. नवरा पुण्यात, बायको ओतूरला, घरात तीन वर्षांचे मूल. हे घर कसे चालले असेल, याचा विचार कधी करा.

१८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र केले. आपल्यामागे मिळकत सावित्रीबाईंची, मग यशवंताची. भाऊबंदांचा तिच्यावर हक्क नाही, असे त्यांनी त्यात लिहून ठेवले. यशवंत नीट निघाला नाही तर गरीब जातींतला एखादा हुशार मुलगा निवडावा, असेही त्यात होते. म्हणजे घराणे रक्ताने चालवायचे नाही, गुणाने चालवायचे, असे त्यांनी कागदावर केले. राणोजीने इनाम घेतले त्याची आठवण त्यांच्या घरात असणारच. पुढच्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला. ते डाव्या हाताने लिहू लागले. १८८९ च्या फेब्रुवारीत हडपसरच्या ग्यानोबा सासने यांची मुलगी राधा सून म्हणून घरात आली. लग्नाआधीच सावित्रीबाईंनी तिला घरी राहावयास आणले होते, म्हणजे मुलीला घर कळावे आणि नवरा कळावा, असे सांगतात. सासूने सुनेला आधी पारखण्याची रीत आपण पाहिली आहे. येथे सुनेला सासर पारखू दिले होते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी वाद काढला की यशवंत दत्तक आहे, तो टिटवे कसे धरील? टिटवे धरील त्याचा वारसा, अशी समजूत. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या. टिटवे त्यांनी हाती घेतले, प्रेतापुढे चालल्या आणि अग्नी त्यांनी दिला. पणजीबाईंचे नाव ज्या घराण्यात कोणी लिहून ठेवले नाही, त्याच घराण्यात पणतसुनेने सर्वांदेखत वारसा हातात धरला. जोतीरावांच्या अस्थी घराच्या मागच्या अंगणात ठेवल्या, आणि तेथे आज तुळशीवृंदावन आहे.

शेवटच्या दिवसांत या घरी पैशाची फार तंगी होती. जोतीराव आजारी असता मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून मदत मागितली होती. त्या पत्रात त्यांनी जोतीरावांपेक्षाही त्यांच्या पत्नीचे गुण अधिक गायिले आहेत. सत्यशोधक समाजाची १८९३ ची सासवडची परिषद सावित्रीबाईंच्या अध्यक्षतेखाली झाली. १८९५ साली सून राधा वारली. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. यशवंत आता डॉक्टर होता, लष्करात नोकरीला होता. सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ सासन्यांच्या माळावर दवाखाना उघडला. मुलगी जाऊन दोन वर्षे झाली होती, तरी तिच्या माहेरची जमीन या कामाला मिळाली. सोयरीक म्हणतात ती ही. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड नावाच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. तो मुलगा वाचला असे सांगतात. सावित्रीबाईंना मात्र प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते, कारण ती सांगताना मन जड होते. यशवंताने १९०३ साली दुसरे लग्न केले. बायकोचे नाव चंद्रभागा. त्यांना एक मुलगी झाली. १९०५ साली यशवंत प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच अहमदनगरला वारला. आईसारखेच झाले. चंद्रभागेच्या पदरात लहान मुलगी, हाती काही नाही. अखेर तिला घर विकावे लागले, आणि पुढचे दिवस तिने दारिद्र्यात काढले. ज्या घरी ३५ जणींना आसरा मिळाला त्या घरच्या सुनेला आसरा मिळाला नाही. तिची आठवण कोणी भाषणात काढत नाही. म्हणून मी येथे तिचे नाव मुद्दाम दोनदा लिहिते: चंद्रभागा यशवंत फुले.

पुढे सरकारने तो वाडा ताब्यात घेऊन राष्ट्रीय स्मारक केले. गंज पेठेचे नाव आता महात्मा फुले पेठ आहे. २०१४ साली पुण्याच्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. खानवडीसही स्मारक आहे. नावे पुष्कळ झाली, ती व्हावीत. पण घराण्याचा वंश कोठे आहे असे विचाराल तर मी म्हणेन, सगुणाबाई, गफार मुनशी, काशीबाई, सासने, आणि ती बाळंत होऊन गेलेली ३५ घरे, ही सारी या घराण्याची वंशावळ आहे. कागदावरची वंशावळ मात्र फक्त पुरुषांची असते.

हे मी असे का म्हणते तेही सांगते. माझे वडील गेले तेव्हा आम्हा बहिणींना तलाठ्याकडे नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. भावाशी माझे वैर नाही, सही मी राजीखुषीने केली. पण नंतर वारसांच्या कागदावर पाहिले तर माझ्या आजीचे नाव कोठेच नव्हते. चाळीस वर्षे ज्या बाईने त्या रानातली शेवंती तोडली तिची त्या रानाच्या कागदावर ओळसुद्धा नाही. माझ्या मुलाला तिचे नाव विचारले, त्याला सांगता आले नाही. मलाही तिचे माहेरचे आडनाव आईला विचारून घ्यावे लागले.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आईचे नाव लावणे महाराष्ट्र सरकारने सक्तीचे केले आहे. हे चांगले झाले. पण आपल्या आज्या-पणज्यांची नावे कोणते सरकार लावणार? ती आपणच लावावयास हवीत. म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपण हळदीकुंकवाला वाण लुटतो. येत्या संक्रांतीला प्रत्येकीने एक वही आणावी. तिच्यात आपल्या सासरच्या आणि माहेरच्या ज्या ज्या बायकांची नावे, गावे आणि हातची कामे आठवतात ती लिहावीत. लिहिता येत नसेल त्यांनी सांगावे, मी लिहून घेईन. ज्या मुलाला घरात घेतले, ज्या शेजारणीने अडीनडीला मूल सांभाळले, तिचेही नाव त्यात घालावे. पुढच्या वर्षी त्या वह्यांतून काही छापावयास मिळाले तर आपल्या मंडळाची स्मरणिका जरा निराळी होईल.

माझ्या वहीचे पहिले पान मी लिहिले आहे. त्यावर माझ्या आजीचे नाव आहे.